मशीन कुणाचे?

इन्स्टॉलर हा सॉफ्टवेअरच्या धंद्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. प्रोग्रॅम लिहून होतो, तपासून होतो, बिल काढायची वेळ येते आणि मग कुणातरी नव्या मुलाला सांगितले जाते की आता सेटअप तेवढा बनवून टाक. हे काम एका संध्याकाळचे, आणि त्यात बुद्धी लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. जबलपुरात राहून इथल्या सीएंच्या, वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत चालणारे डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवण्याच्या कामात काही वर्षे गेल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. प्रोग्रॅम लोकांच्या अंगवळणी पडतो की नाही, हे पहिल्या सेटअपवरून ठरत नाही, दुसऱ्यावरून ठरते. पहिला सेटअप रिकाम्या घरात सामान लावतो. दुसरा येतो तेव्हा त्या घरात माणसे राहत असतात, त्यांनी खिळे ठोकलेले असतात, कपाटे आपल्या सोयीने सरकवलेली असतात. बहुतेक इन्स्टॉलर मात्र दुसऱ्या वेळीही घर रिकामेच आहे असे धरून आत शिरतात. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रोग्रॅमला आधी लागणाऱ्या गोष्टी आणि वापरणाऱ्याने केलेल्या सेटिंग्ज हे दोन वेगळे तांत्रिक प्रश्न नाहीत. दोन्हींच्या मुळाशी मालकीचा एकच प्रश्न आहे, आणि तो सोडवल्याशिवाय कुठलेही साधन वापरले तरी सेटअप त्रासच देणार.

या सेटिंग्ज म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायला जबलपूर चांगली जागा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा या शहराकडे आला आणि राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ इथे बसले. पूर्वीच्या वीज मंडळाचे मुख्यालयही इथलेच, आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचेही. म्हणजे शहर अर्ज, याचिका, शपथपत्रे आणि नोटशीटांचे. आणि हा सगळा कागद पिढ्यान्पिढ्या रेमिंग्टन पद्धतीच्या हिंदी टंकनावर चालत आलेला. टाइपरायटर गेले, तेव्हा तीच बोटे कृतिदेव फॉन्टवर आली. कृतिदेव युनिकोड नाही. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त डोळ्यांना देवनागरी दिसतो. इंग्रजी छोट्या डीच्या जागी पूर्ण 'क' बसवलेला आहे आणि मोठ्या डीच्या जागी अर्धा. आता वर्डची मूळ सवय अशी की परिच्छेदाचे पहिले अक्षर आपोआप मोठे करायचे. त्यामुळे 'काम' हा शब्द लिहायला घेतला की त्याच्या पहिल्याच अक्षराचा पाय मोडतो. इंग्रजी अवतरणचिन्हांच्या जागी अर्धा 'श' आणि अर्धा 'ष' आहेत. वर्ड ती चिन्हे वळणदार करतो आणि 'शपथपत्र'मधला 'श' भलत्याच आकृतीत बदलतो. म्हणून इथल्या प्रत्येक जाणत्या टायपिस्टने आपल्या मशीनवर स्वयंसुधारणेचे एकेक बटण शोधून बंद केलेले असते, समासाची मापे न्यायालयाच्या कागदाप्रमाणे बसवलेली असतात, नेहमी लागणाऱ्या मजकुराचे साचे करून ठेवलेले असतात. पुण्यामुंबईच्या छापखान्यांत ज्यांनी श्रीलिपी किंवा आकृती वापरली आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. ही जुळवाजुळव कुठल्याही वहीत लिहिलेली नसते. ती फक्त त्या मशीनवर असते. कुणीतरी ऑफिस काढून पुन्हा टाकतो, सगळी बटणे मूळपदावर येतात, आणि टायपिस्ट म्हणतो, "कंप्यूटर बिगड़ गया." तांत्रिक दृष्टीने काहीही बिघडलेले नसते, पण त्याचे म्हणणे बरोबर असते. त्याचे जे होते ते गेले.

सेटिंग म्हणजे आवडनिवड, पडद्याचा रंग निळा की हिरवा, अशी कल्पना प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या मनात घर करून असते. ती सोडली पाहिजे. या कचेऱ्यांत सेटिंग म्हणजे साठलेले श्रम. बिलावर जीएसटी क्रमांक कुठे छापायचा, कुठल्या प्रिंटरला कुठला कागद, डेटा कुठल्या ड्राइव्हवर, बॅकअप कुठे, कुठल्या ग्राहकाला कुठली सवलत: यातले निम्मे ठरवणारा माणूस कदाचित नोकरी सोडून गेलेलाही असतो. म्हणून मशीनवरच्या प्रत्येक फाइलकडे बघताना इन्स्टॉलरने पहिला प्रश्न विचारायचा तो हा की ही कुणाची. उत्तरे तीनच निघतात. काही फाइली आमच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या. त्या आम्ही हव्या तेव्हा बदलू, काढू. काही सामाईक, म्हणजे रनटाइम, ड्रायव्हर, फॉन्ट, कीबोर्ड. त्यांच्यावर या मशीनवरच्या सगळ्याच प्रोग्रॅमांचा हक्क, तेव्हा तिथे भर घालायची मुभा आहे, पण मागे नेण्याची किंवा उपटून टाकण्याची नाही. आणि काही वापरणाऱ्याच्या. तिथे इन्स्टॉलरला शिरकावच नाही. ऐकायला हे इतके उघड वाटते की कुणी वाद घालत नाही. प्रत्यक्षात मात्र ज्या बिघाडांच्या तक्रारी येतात, त्यांतल्या बहुतेकांत या तिन्हींपैकी एका सीमेचे उल्लंघन झालेले असते.

सामाईक वस्तूंचेच घ्या. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या बहुतेक विंडोज प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रनटाइम लागते. २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ ही सगळी आपापली वेगळी. २०१५ पासून पुढची मात्र एकाच गठ्ठ्यात, नवे आले की जुन्याची जागा घेणारी. कंट्रोल पॅनल उघडले की जवळजवळ सारख्या नावांच्या ओळींची रांग दिसते आणि मशीन हलके करायला निघालेला एखादा उत्साही माणूस त्यातल्या 'डुप्लिकेट' ओळी काढून टाकतो. मग काही प्रोग्रॅम अमुक डीएलएल सापडत नाही म्हणून बसतात. इथे इन्स्टॉलरचा प्रश्न 'रनटाइम आहे का' असा असून भागत नाही. 'मला लागते त्याहून जुने आहे का' असा हवा. जुने असेल तर वर न्यायचे, नवे असेल तर हात लावायचा नाही. याची शिकवण सगळ्या धंद्याला एकदाच मिळाली, ती १६३८ या आकड्याने. २०१५ च्या रनटाइमचा सेटअप चालवला आणि मशीनवर आधीच त्याहून नवे रनटाइम असले, तर तो '१६३८' असा निरोप देऊन बाहेर पडे. अर्थ एवढाच की दुसरी आवृत्ती आधीपासून आहे. कितीतरी इन्स्टॉलरांनी शून्याखेरीज प्रत्येक आकडा अपयश मानला होता. परिणाम असा की मशीनवर हवे त्याहून चांगले होते, आणि म्हणूनच प्रोग्रॅम बसायला नकार देत होता. ३०१० या आकड्याचीही तीच गत. काम झाले आहे, फक्त मशीन पुन्हा सुरू करा, असे तो सांगतो; कुणी त्याला अपयश समजतो, कुणी दुर्लक्ष करून पुढे जातो, आणि दोघेही चुकतात.

डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या रनटाइमचा किस्सा याहून बारीक आहे. ४.५ पासून पुढची प्रत्येक ४-मालिकेतली आवृत्ती आधीच्याच जागेवर बसते, म्हणून कुठली आहे हे फोल्डर बघून कळत नाही. रजिस्ट्रीतला एक क्रमांक वाचावा लागतो. ४.८ साठी तो क्रमांक विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटवर ५२८०४० आहे आणि बाकीच्या बऱ्याच विंडोजवर ५२८०४९. ज्याने तपासणीत 'बरोबर एवढाच' अशी अट घातली, त्याला आपल्या मशीनवर सगळे ठीक दिसते आणि शेजारच्या मशीनवर तोच सेटअप डॉटनेट नाही म्हणून अडतो. '५२८०४० किंवा याहून मोठा' इतकेच लिहायचे होते. जुन्या ३.५ ची तऱ्हा आणखी निराळी. विंडोज १० मध्ये ते मशीनवर बसलेले नसते. मागितल्यावर इंटरनेटवरून उतरते. कचेरीत नेट नसेल, किंवा अपडेट एखाद्या मध्यवर्ती सर्व्हरमधून येतील अशी व्यवस्था असेल, तर ते उतरत नाही आणि पडद्यावर येतो एक सोळा-आधारी त्रुटिक्रमांक, ज्यातून कारकुनाला काहीही बोध होत नाही. फॉन्टांबाबत हेच. वर्षानुवर्षे देवनागरी युनिकोड म्हणजे मंगल, असे समीकरण होते. विंडोज १० मध्ये मंगल मूळ संचातून निघून देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या ऐच्छिक गठ्ठ्यात गेला आणि निर्मला यूआय पुढे आला. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली तर तो गठ्ठा येतो, नाही तर नाही. मंगलमध्ये रचलेला दस्तऐवज अशा मशीनवर उघडतो, वाचताही येतो, पण ओळींची उंची बदलते, पाने सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे खोटे ठरतात. रेमिंग्टन कीबोर्डही तसाच. राज्याच्या संगणक-प्रावीण्याच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकन रेमिंग्टन गेल किंवा इन्स्क्रिप्टवर होते. यातला इन्स्क्रिप्ट विंडोजमध्ये असतो, रेमिंग्टन गेल वेगळा टाकावा लागतो. तेव्हा छापील अहवाल देणाऱ्या प्रोग्रॅमने फॉन्ट आणि कीबोर्ड यांनाही आधी लागणाऱ्या गोष्टींत धरले पाहिजे. धरणारे फार थोडे.

आता वापरणाऱ्याच्या वस्तू. इथे मला मायक्रोसॉफ्टच्याच एका जुन्या नियमाचे कौतुक वाटते. १९९९ साली ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर ही व्यवस्था आली. तिचा एक नियम असा: ज्या फाइलीला आवृत्तिक्रमांक नाही, तिची शेवटच्या बदलाची तारीख निर्मितीच्या तारखेनंतरची असेल, तर ती वापरणाऱ्याने बदलली आहे असे समजा आणि तिच्यावर नवी फाइल टाकू नका. किती साधे, किती शहाणपणाचे. बनवणाऱ्यांना मालकीचा प्रश्न दिसला होता. पण त्याच व्यवस्थेत मोठी आवृत्ती बदलताना 'आधी जुना प्रोग्रॅम काढा, मग नवा टाका' असा क्रम लावता येतो. इन्स्टॉलर बनवण्याच्या विक्ससारख्या लोकप्रिय साधनात तर न सांगता हाच क्रम लागतो. जुना प्रोग्रॅम काढताना त्याने आणलेली सेटिंगची फाइल, बदललेली असो वा नसो, त्याच्याबरोबर जाते. नवा टाकायची वेळ येते तेव्हा तारखा ताडून बघायला तिथे काही उरलेलेच नसते. नियम चांगला, आणि क्रमाने त्याला निकामी केलेले. तक्रार आली की प्रोग्रॅमर शपथेवर सांगतो की विंडोज बदललेली फाइल बदलत नाही, आणि कागदावर त्याचे खरेही असते. यावर क्रम उलटा करणे हा एक उपाय आहे, पण त्याचे स्वतःचे कडक नियम आहेत आणि ते पाळताना चुकणे सोपे. माझ्या मते खरा उपाय वेगळा: सेटिंगची फाइल इन्स्टॉलरच्या यादीतच नको. मूळ सेटिंग्ज प्रोग्रॅमच्या फोल्डरात, केवळ वाचण्यापुरत्या. वापरणाऱ्याचे बदल त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, आणि तीही फाइल प्रोग्रॅमने पहिल्यांदा सुरू होताना निर्माण केलेली. जी वस्तू इन्स्टॉलरने आणलीच नाही, ती तो काढणार तरी कशी?

जुन्या प्रोग्रॅमांना हे शहाणपण नव्हते. ते आपल्या सेटिंग्ज 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये, स्वतःच्या शेजारीच लिहीत. विंडोज व्हिस्टाने तिथे लिहिण्यावर बंधन आणले तेव्हा असे सगळे प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून एक तडजोड केली: अशा जुन्या प्रोग्रॅमाने तिथे लिहिले की विंडोज गुपचूप ते वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमधल्या व्हर्च्युअल-स्टोअर नावाच्या फोल्डरात वळवते, आणि वाचतानाही तिथूनच देते. पुढे कधीतरी प्रोग्रॅम नव्या रीतीने बांधला जातो, तो आता नव्या विंडोजला समजून घेतो असे त्याच्यासोबत जाहीर केले जाते, आणि त्या क्षणी ही वळवावळवी बंद होते. प्रोग्रॅम उघडतो तो कोरा. सेटिंग्ज तिथेच, त्याच डिस्कवर, शाबूत असतात, फक्त कुणी तिकडे बघत नाही. अशीच दुसरी फसवणूक परवानगीच्या खिडकीतून होते. मोठ्या कचेरीत कारकुनाच्या खात्याला सेटअप चालवायचा अधिकार नसतो. संगणक विभागातला माणूस येऊन अ‍ॅडमिन पासवर्ड टाकतो. त्यानंतर सेटअप 'चालू वापरणारा' म्हणून ज्याच्या खात्यात सेटिंग्ज लिहितो, तो कारकून नसून अ‍ॅडमिन असतो. सेटअप यशस्वी, पडदा हिरवा, आणि कारकुनाच्या हाती कोरा प्रोग्रॅम. दोन्ही उदाहरणांचा रोख एकाच निष्कर्षाकडे आहे. जुन्या सेटिंग्ज शोधणे, वाचणे, नव्या रूपात आणणे हे काम इन्स्टॉलरचे नाही. ते प्रोग्रॅमचे आहे. कारण तोच त्या माणसाच्या खात्यात, त्या माणसाच्या नावाने चालतो.

लिनक्सच्या जगात हा प्रश्न बऱ्यापैकी उघडपणे सोडवलेला आहे. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबंटूमध्ये सेटिंगच्या फाइलींची वेगळी नोंद असते. पॅकेज अद्ययावत करताना मूळ फाइलीचा ठसा आणि आत्ताच्या फाइलीचा ठसा ताडून बघितला जातो. तुम्ही काही बदलले असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती फाइल बदललेली असेल, तरच प्रश्न विचारला जातो, आणि नुसते एंटर दाबले तर तुमचीच फाइल राहते. रेड हॅटच्या घराण्यात नवी फाइल शेजारी वेगळ्या शेपटीने ठेवण्याची सोय आहे. हे आपल्याकडे परके नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली देशभरच्या जिल्हा न्यायालयांत चालणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे, आणि ती पुण्याच्या एनआयसीने (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने) बांधली. तिची रचना मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुबुद्ध वाटते: गाभा सगळ्या देशाला एकच, आणि त्याभोवतीचा परीघ प्रत्येक उच्च न्यायालयाने आपापल्या पद्धतीप्रमाणे बांधायचा. जबलपूरच्या न्यायव्यवस्थेच्या चालीरीती मुंबईच्या नव्हेत आणि मद्रासच्याही नव्हेत, हे आधीच मान्य करून टाकले की गाभा बदलताना परिघाला धक्का लावायचा प्रश्न निदान तत्त्वतः तरी उरत नाही. छोट्या डेस्कटॉप प्रोग्रॅमालाही हीच विभागणी हवी. आकार लहान म्हणून तत्त्व बदलत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप समोरून नाही, आमच्याच धंद्यातून येतो. तांत्रिक मदत देणारी माणसे सांगतात की निम्म्या तक्रारींचे मूळ जुन्या, सडलेल्या सेटिंग्जमध्ये असते. पाटी कोरी केली की प्रश्न सुटतो. मग जपण्याचा एवढा सोस कशाला? यात तथ्य आहे. फाइल अर्धवट लिहिली गेलेली असते, वीज गेलेली असते, काढून टाकलेल्या प्रिंटरचे नाव तिच्यात अडकलेले असते. पण यावरून निघते ते एवढेच की प्रोग्रॅमने न समजणारी सेटिंग पाहून कोसळू नये, आणि पाटी कोरी करण्याचे बटण वापरणाऱ्याच्या हाती असावे, तेही जुनी फाइल तारखेसह बाजूला ठेवून. सगळ्यांची पाटी न विचारता कोरी करण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. एका बाबतीत मात्र मी आक्षेपकांच्या बाजूला जातो. सुरक्षिततेच्या सेटिंग्ज जपायच्या नसतात. पाच वर्षांपूर्वी कुणी सर्व्हरशी बोलण्यासाठी टीएलएसची जुनी, आता असुरक्षित ठरलेली आवृत्ती निवडली असेल, तर ती निवड पवित्र मानण्यात अर्थ नाही. ती बदलावी आणि बदलल्याचे स्पष्ट सांगावे. न सांगता बदलणे हे तिथेही गैरच.

दुसरा आक्षेप असा की लोक काही वाचतच नाहीत. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच इन्स्टॉलरने फार प्रश्न विचारू नयेत असे मी म्हणतो. जिथे चुकीचे उत्तर नंतर दुरुस्त होऊ शकते, तिथे विचारायचेच नाही, सुरक्षित वाट धरायची. भरून न येणारे नुकसान समोर असेल तेवढ्यापुरताच थांबून प्रश्न. अनइन्स्टॉलचे उदाहरण घ्या. आपल्याकडे प्रोग्रॅम काढून टाकणारा माणूस बहुधा तो कायमचा काढत नसतो. दुरुस्त करत असतो. काढून पुन्हा टाकणे हा आपला राष्ट्रीय इलाज आहे. तेव्हा काढताना सेटिंग्ज मागे ठेवणे हीच योग्य मूळ वर्तणूक. याला अपवाद सामाईक मशीनचा: एमपी ऑनलाइनचे किऑस्क, सायबर कॅफे, जिथे एकाचा तपशील दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे राहणे हा अन्याय ठरेल. तिथे विचारावे, नि विचारताना काय राहील आणि काय जाईल हे साध्या हिंदीत लिहावे.

मग कुणी म्हणतो की हे सगळे जुन्या जगाचे प्रश्न आहेत. एक तर सगळे ब्राउझरमध्ये गेले, आणि जे उरले त्यात रनटाइमसकट सर्व काही प्रोग्रॅमच्या पोटातच भरून द्यावे. ब्राउझरचे आधी. जीएसटीचे पोर्टल ब्राउझरमध्ये चालते, आयकराचेही, पण डिजिटल सहीचा टोकन यूएसबीत लावलेला असतो आणि ब्राउझर त्याच्याशी थेट बोलू शकत नाही. एके काळी हे काम ब्राउझरमधल्या जावाच्या जोडणीने होई. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये अशा जोडण्या पूर्णपणे काढल्या, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. तेव्हापासून सहीसाठी मशीनवर स्वतंत्र मध्यस्थ प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि त्याच्याआधी टोकनचा ड्रायव्हर. म्हणजे ब्राउझरने इन्स्टॉलर संपवला नाही. त्याला दाराआड ढकलले, जिथे तो बिघडला की कुठे बघायचे तेच सीएच्या मदतनिसाला कळत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा हे सगळे एकदम उघडे पडले. देशभरच्या व्यापाऱ्यांना हिशेबाचे प्रोग्रॅम एकाच सुमारास नव्या आवृत्तीवर न्यावे लागले. टॅलीसारख्या प्रोग्रॅमात डेटाचा मार्ग आणि स्थानिक जाणकारांनी लिहून दिलेले टीडीएलचे (टॅलीच्या स्वतःच्या भाषेतले) फेरफार एका साध्या मजकुराच्या सेटिंग-फाइलीत नोंदलेले असतात. नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरात टाकली आणि ती फाइल सोबत नेली नाही, की डेटा दिसत नाही आणि बिलाचा ओळखीचा नमुना नाहीसा. हिशेब सुरक्षित असतात, फक्त व्यापाऱ्याच्या छातीत धडकी भरते. राहिले सगळे पोटात भरण्याचे. नेट नसलेल्या कचेरीसाठी लागणारे रनटाइमचे सेटअप सोबत देणे मला योग्यच वाटते, मग पेनड्राइव्हवरची फाइल दोनशे एमबीने फुगो. पण रनटाइमची खासगी प्रत प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवली की तिच्यातल्या सुरक्षेच्या भोकांची दुरुस्ती विंडोज अपडेट करणार नाही. ती जबाबदारी आमची. ज्याच्याकडे आपोआप अपडेट पोचवण्याची यंत्रणा नाही अशा छोट्या निर्मात्याने ती घेऊ नये. आणि फॉन्ट, कीबोर्ड, टोकनचा ड्रायव्हर या वस्तू कितीही म्हटले तरी पोटात मावत नाहीत. त्या मशीनच्याच असतात.

या सगळ्याचा परिणाम चाचणीच्या पद्धतीवर व्हायला हवा, आणि तिथेच सर्वांत कमी होतो. सेटअप तपासायचा म्हणजे कोऱ्या आभासी मशीनवर चालवायचा, अशी रूढी आहे. कोऱ्या मशीनवरची चाचणी 'आधी लागणारे सगळे आणले का' एवढेच सांगते. 'आधी असलेले काही मोडले का' हे तिथे दिसूच शकत नाही, कारण तिथे आधीचे काही नसते. म्हणून दोन-तीन मळकी मशीने मुद्दाम सांभाळावी लागतात: जुन्या आवृत्त्या एकावर एक चढलेली, कृतिदेव आणि मंगल दोन्ही असलेली, अ‍ॅडमिन नसलेल्या खात्याची, नेट तोडलेली, प्रोग्रॅम 'सी'ऐवजी 'डी' ड्राइव्हवर टाकलेली. हे खर्चाचे आहे, आणि छोट्या निर्मात्याला एवढे जमणार नाही, हा आक्षेप मी खोडू शकत नाही. एवढेच म्हणेन की एक मळके मशीन पाच कोऱ्यांपेक्षा जास्त शिकवते.

आणि आता एक नवा पेच आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे इथल्या कचेऱ्यांतली कितीतरी मशीने जागच्या जागी वर जाऊच शकत नाहीत. त्यांच्या जागी नवी येतात. नव्या मशीनवर आमचा इन्स्टॉलर पुन्हा पहिल्यासारखा रिकाम्या जागेत उतरतो, आणि जुन्या प्रोफाइलमध्ये नीट जपलेली सेटिंग्जची फाइल जुन्या डिस्कबरोबर भंगारात जाते. डेटाचा बॅकअप सगळे घेतात. प्रोफाइलमधल्या त्या लपलेल्या फोल्डराचा कुणी घेत नाही, कारण तो असतो हेच माहीत नसते. तेव्हा सेटिंग्ज जपणे याचा अर्थ 'मिटवू नये' इतका पुरेसा राहिलेला नाही. त्या एका फाइलीत बाहेर काढता आल्या पाहिजेत, डेटाच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये न सांगता गेल्या पाहिजेत, आणि नव्या मशीनवर प्रोग्रॅमने पहिल्यांदा उघडताच विचारले पाहिजे की जुन्या मशीनवरचे काही आणले आहे का. त्या फाइलीत मशीनच्या नावाला किंवा ड्राइव्हच्या अक्षराला बांधलेले मार्ग असता कामा नयेत, नाहीतर ती नव्या मशीनवर उघडेल आणि न सापडणाऱ्या प्रिंटरचा शोध घेत बसेल. आणि तिचे नाव असे असावे की जयंती कॉम्प्लेक्स या इथल्या संगणक-बाजारातून मशीन बदलून द्यायला आलेल्या मुलाला, आमचा प्रोग्रॅम कधी न बघताही, ती कॉपी करावीशी वाटेल.